बिननावाच्या पठाराचा नकाशा

मित्रांनो, मी एक जुना कागदी नकाशा आहे. माझ्यावर ना गाव आहे, ना रस्ता, ना नदी. आहे ते दक्षिण ध्रुवाकडचं बर्फाचं एक पठार, आणि त्याला नाव नाही.

मला काशिनाथकाकांनी काढलं, ऑकलंडच्या एका कचेरीत. विमानातून घेतलेले फोटो भिंगाखाली धरून त्यांनी एकेक उंची माझ्यावर उतरवली. दोन हिवाळे लागले. त्यांना स्वतःला तिथे कधी जाता आलं नाही. हृदय कमजोर म्हणून डॉक्टरांनी नाही म्हटलं. पठाराच्या पूर्वेला त्यांनी तीन बारीक रेघा ओढल्या. तो फोटोवरचा ओरखडा आहे, असं बाकीचे म्हणाले. काकांनी रेघा खोडल्या नाहीत.

पुढे त्यांच्या हाताखाली शिकलेली दमयंती मला कोटाच्या आतल्या खिशात घालून तिथे घेऊन गेली. सोबत हेमी नावाचा वाटाड्या होता. नजर जाईल तिथवर पांढरं. एक पक्षीसुद्धा नाही. वाऱ्याने दोघांना चार दिवस तंबूत कोंडलं. दमयंती मला मांडीवर पसरून बसे आणि आपण नेमके कुठे आहोत, ते बोटाने पुन्हापुन्हा शोधे.

पाचव्या दिवशी पूर्वेकडे जाताना, माझ्यावरच्या त्या तीन रेघांची जागा येताच, तिने हेमीला थांबवलं. पुढे सपाट बर्फच दिसत होता. हेमीने लांब काठी खुपसली, ती मुठीपर्यंत आत गेली. खाली खोल भेग होती.

परतल्यावर दमयंतीने पठाराला काकांचं नाव सुचवलं. हयात माणसाचं नाव देता येत नाही, असं जागांना नावं देणाऱ्या समितीने कळवलं.

काका हसले. म्हणाले, "बरंच झालं. म्हणजे मी अजून हयात आहे."

मग कॉम्प्युटरवर नवे नकाशे आले आणि मी खणात गेलो. सात वर्षं मला कुणी उघडलं नाही. पठारावर निदान वारा तरी होता.

या जुलैत दमयंतीने मला ऑकलंडमधल्या न्यू लिनच्या घरी आणून टेबलावर पसरलं. तिची लेक ओवी जवळ आली.

"हू मेड धिस, आई?"

"काशिनाथआजोबांनी. मंगळवारी गेले ते."

आजोबा शहराच्या दुसऱ्या टोकाला, पापाकुऱ्याला, एकटेच राहायचे आणि सात वर्षांत आपण दोनदाच तिकडे गेलो, हेही तिने लेकीला सांगितलं. मग समितीचा अर्ज पुढे ओढला.

"आता नियम आड येणार नाही," ती म्हणाली. पण पेन बराच वेळ हातातच राहिलं.

मित्रांनो, जुना नकाशा मिळाला तर त्याच्या घड्या हळू उलगडा. आणि तो काढणारा माणूस अजून हयात असेल, तर पापाकुऱ्याची गाडी आजच पकडा.