घरची कात्री

स्टोअरकीपर माणूस तसा वाईट नव्हता. पण त्याला काटकसरीचं वेड होतं, आणि हे वेड नेहमी दुसऱ्याच्या डोक्यावर येऊन बसायचं. कारखान्यात नवा बोल्ट द्यायचा तर तो आधी जुना तुटलेला परत मागायचा. नऊ वर्षांपूर्वी एका पार्लरच्या दारावर त्याने बायकांच्या केस कापण्याचा दर वाचला आणि तिथेच उभा राहिला. "पुरुषांच्या चौपट? बायकांना डोकी काय चार असतात?" असं म्हणून तो तडक बाजारात गेला आणि कात्री घेऊन आला. तेव्हापासून बायकोचे आणि मुलीचे केस घरातच कापले जाऊ लागले. मुलगी पुढे हॉस्टेलला गेली, ती शिकायला थोडी आणि कात्रीपासून सुटायला जास्त.

राहिली बायको. ती बँकेत कॅशियर. काचेमागे बसलेल्या कॅशियरचं लोकांना दिसून दिसून दिसतं काय, तर डोकं! दोन महिन्यांतून एका रविवारी स्वयंपाकघरात वर्तमानपत्र पसरलं जायचं, वर स्टूल यायचं आणि स्टुलावर ती. मग डावी बाजू जरा जास्त उडायची, म्हणून तिच्या बरोबरीला उजवी उडवावी लागायची. आता उजवी जास्त उडाली, म्हणून पुन्हा डावी. सगळं संपलं की स्टोअरकीपर दोन पावलं मागे सरकून म्हणायचा, "आता कसं मोकळं वाटतंय बघ." मोकळं वाटायचंच, कारण मानेवर वारा लागायचा.

परवाच्या रविवारी मात्र कात्री घसरली आणि उजव्या कानामागे चांगला बोटभर खड्डा पडला. सोमवारी एक म्हातारे पेन्शनर काउंटरवर आले. स्लिप सरकवता सरकवता त्यांची नजर तिथे गेली आणि फार मायेने त्यांनी विचारलं, "बाई, टाके पडले का हो? आता बरं आहे ना?"

ती हसली, पैसे मोजून दिले आणि बाथरूममध्ये जाऊन रडली. ते रडू केसांचं नव्हतं. आपण कमावतो, अर्धं घर चालवतो आणि आपल्याच डोक्यावर आपलं काही चालत नाही, याचं ते रडू होतं. एकदा तरी हे डोकं आपल्या मर्जीने कुणाच्या तरी हाती द्यायचं, एवढीच तिची मागणी होती. ती मागणी नवऱ्यापुढे ठेवायची म्हणजे तासभर व्याख्यान ऐकायचं. तिने ते ऐकायचं टाळलं आणि संध्याकाळी बँकेतून सरळ पार्लर गाठलं.

पार्लरमधल्या मुलीने खड्डा पाहिला, पण एक अक्षर काढलं नाही. याबद्दलच तिला जास्तीचे पैसे द्यावेत, असं कॅशियरला वाटलं. अर्ध्या तासात मुलीने वरचे केस असे उतरवले की खड्डा आत दडला आणि आरशातली बाई पाच वर्षांनी लहान झाली.

घरी येताना तिने मनातल्या मनात भांडणाची सगळी तयारी केली. स्टोअरकीपरने दार उघडलं, तिला न्याहाळलं आणि त्याचा चेहरा उजळला.

"बघ! मी म्हणत नव्हतो? केस बसायला एखादा दिवस जातोच. काय कापलेत! खरं सांग, पार्लरवालीला जमलं असतं असं?"

यावर माणसाने काय बोलावं? खरं सांगितलं तर दर सांगावा लागणार. ती मूग गिळून गप्प बसली. तिथेच चुकलं. कारण बायकोच्या गप्प बसण्याला नवरे नेहमीच कौतुक समजतात. पठ्ठ्याने आठवडाभर जिन्यात येणाऱ्या-जाणाऱ्याला बायकोचं डोकं दाखवलं. शनिवारी समोरच्या दारातल्या शिक्षिका म्हणाल्या, "वहिनी, किती छान! कुठे कापले?" तिने तोंड उघडायच्या आत स्टोअरकीपर म्हणाला, "घरी! मीच कापतो. उद्या या तुम्ही, अगदी फुकट."

त्या बिचाऱ्या रविवारी सकाळी खरंच आल्या, स्वतःचा टॉवेल घेऊन. सोमवारपासून त्या मुख्याध्यापिका होणार होत्या आणि पहिल्याच दिवशी सगळ्या शाळेपुढे उभं राहून बोलायचं होतं. स्टोअरकीपरने वर्तमानपत्र पसरलं. कॅशियर गॅसपाशी उभी राहून उगाचच धुतलेलं पातेलं पुन्हा धुऊ लागली. आपल्याला काय करायचंय, असं तिने स्वतःला दोनदा बजावलं. तेवढ्यात मागे कात्री उघडल्याचा आवाज आला. ती वळली. बाईंच्या केसांची चांगली जाड बट नवऱ्याच्या दोन बोटांत होती.

"थांबा!" ती ओरडली. "माझे केस यांनी नाही कापले."

"म्हणजे?" स्टोअरकीपर म्हणाला.

"तुम्ही खड्डा पाडलात. तो मी पार्लरमध्ये जाऊन बुजवला. बाराशे दिले."

"बारा..." त्याच्या बोटांतून बट सुटली. "बाराशे? केस कापायचे की खुर्ची विकत घेतलीस? आठवडाभर मला कौतुक करू दिलंस, सगळ्या जिन्यात मला तोंडघशी पाडलंस! तू माझा केसाने गळा कापलास!"

"मला बोलायला जागा कुठे ठेवली होतीत?"

"बाराशे! अगं, मी कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये जातो, वर्षभर, मालिश धरून, तरी एवढे होत नाहीत माझे!"

मुख्याध्यापिका होऊ घातलेल्या बाईंनी मान वळवली. वर्गात विचारतात तशा आवाजात त्यांनी विचारलं, "म्हणजे भाऊ, तुमचे केस तुम्ही बाहेर कापता?"

"आता स्वतःचे स्वतःला कसे कापता येतील?"

"वहिनींना येतील की."

"तिला? तिने आयुष्यात कधी कात्री धरलीय?"

"तुम्ही तरी कुठे शिकला होता?" असं म्हणून बाई शांतपणे टॉवेल झटकून उठल्या आणि स्टुलापासून चार हात लांब जाऊन उभ्या राहिल्या.

नवरा सलूनमध्ये जातो हे कॅशियरला ठाऊक नव्हतं असं नाही. दर महिन्याला तो मानेला पावडर लावून, शीळ घालत घरी यायचा. घरातला गळका नळ सवयीने ऐकू येईनासा होतो, तसं तिचं झालं होतं. आज मात्र तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने पुढे होऊन त्याच्या हातातली कात्री काढून घेतली आणि स्टूल त्याच्याकडे सरकवलं.

"बसा. बाराशे भरून काढू."

"वेड लागलंय का तुला?" स्टोअरकीपरने दोन्ही हात डोक्यावर ठेवले. "उद्या सोमवार आहे! मला कंपनीत जायचंय. माणसाला चारचौघांत बसायचं असतं, लोक बघतात!"

"मीही सोमवारीच जात होते," ती म्हणाली. "नऊ वर्षं."