आवाज सांभाळणारी डिस्क

मी हार्ड डिस्क बोलतेय. घाबरू नका, बिघडलेय म्हणून बोलत नाही. चांगली ठणठणीत आहे.

तळहातावर मावेल एवढी माझी काया. पोटात आरशासारख्या गुळगुळीत चकत्या. त्या बसवताना धुळीचा कणसुद्धा आत जाऊ नये म्हणून कारखान्यातली माणसं डोक्यापासून पायापर्यंत स्वतःला झाकून घेत होती. एवढे लाड पुन्हा कुणी केले नाहीत. पुढे दुकानात पडून राहिले आणि शेवटी वाचा-उपचार करणाऱ्या एका बाईंच्या दवाखान्यात आले.

बाईंचं काम नाजूक. घशाच्या ऑपरेशनमध्ये ज्यांचा आवाज जाणार असतो, त्यांना त्या आधीच बोलावतात आणि माइकसमोर बसवून त्यांचा आवाज साठवून ठेवतात. नंतर त्यातली वाक्यं टॅबवरच्या बटणांना जोडून देतात. बटण दाबलं की माणूस स्वतःच्याच आवाजात पाणी मागतो. हे सगळे आवाज माझ्याकडे असतात. पण माइकसमोर बसल्यावर लोक नुसती वाक्यं वाचत नाहीत. कुणी रडतं, कुणी बायकोशी चार शब्द बोलून घेतं. एका आजोबांनी तर शेजाऱ्याला पोटभर शिव्या देऊन घेतल्या. त्यामुळे त्या आवाजांचं फोल्डर बाईंशिवाय कुणालाही उघडत नसे.

मी राहते एका पेटीत. दवाखान्यातल्या सगळ्या कॉम्प्युटरांच्या फायली तिथे एकत्र ठेवतात. तिला नॅस म्हणतात. जुनी पेटी बरेच दिवस कुरकुरत होती, शेवटी बंदच पडली. बाईंचे धाकटे दीर कॉम्प्युटरचीच कामं करतात. त्यांनी मला अलगद काढून नव्या पेटीत बसवलं.

"झालं, वहिनी! सामान तेच, कपाट नवं."

तेवढ्यात पोहायला शिकवणारे एक सर आले, मुलीला घेऊन. ऑपरेशन होऊन सरांचा आवाज गेला होता. आज त्यांना टॅब मिळायचा होता. बाईंनी फोल्डरवर क्लिक केलं. पडद्यावर आलं, 'परवानगी नाही.'

"भावजी, माझ्याच फोल्डरची मलाच परवानगी नाही?"

दीर काही बोलणार, तोच बाहेरच्या टेबलावर बसणाऱ्या ताई दारात आल्या. चेहरा उतरलेला. "मॅडम, ते आवाजांचं फोल्डर माझ्याकडे उघडतंय. ऐकलं नाही हं मी काही. नावं दिसली आणि लगेच बंद केलं."



दिरांनी डोकं खाजवलं, दोन-चार ठिकाणी शोधलं आणि कपाळावर हात मारला. गोष्ट साधी होती. फाइल कुणाच्या मालकीची, हे माझ्यावर नावानं नाही, आकड्यानं लिहिलेलं असतं. हे आकडे खाती उघडण्याच्या क्रमानं मिळतात, आणि जुन्या पेटीत बाईंचं खातं आधी उघडलं होतं. नव्या पेटीत दिरांनी आधी उघडलं ताईंचं. बाईंचा आकडा गेला ताईंना, आणि मी पडले आकड्याशी इमान राखणारी!

"एक करतो," दीर म्हणाले, "सगळ्यांना सगळं उघडं करून टाकतो. एका क्लिकचं काम. नंतर निवांत बघू."

"नको."

"अहो, पेशंट ताटकळलाय, वहिनी."

"ताटकळू दे. लोक विश्वासानं बोललेत माझ्यापाशी. ते चव्हाट्यावर मांडू?"

बाई स्वतः बाहेर गेल्या आणि अडचण सांगितली. सरांची मुलगी म्हणाली, "आमचं काही गुपित नाही हो त्यात. करा की उघडं."

"तुमचं नसेल. बाकीच्यांचं असेल ना?"

सरांनी मुलीच्या हातावर थोपटलं आणि खुर्चीला पाठ टेकली. थांबतो, असा त्याचा अर्थ.

दिरांनी फोल्डर बाईंच्या नावावर केलं. ते उघडलं, पण आतली एकही फाइल उघडेना. फक्त दार बाईंचं झालं होतं, आतल्या खोल्या तशाच राहिल्या होत्या. जीभ चावून त्यांनी आतल्या सगळ्यांना तोच हुकूम लावला. मी भराभर फिरत एकेका फाइलवरचा आकडा बदलत गेले. मग बाकीची फोल्डरं: नोंदणीचं ताईंकडे, व्यायामांचं दोघींकडे. दर वेळी बाई विचारत होत्या, "हे कुणाला दिसायला हवं?"

शेवटी ताईंना पुन्हा बसवलं. "आता उघडा बघू."

"नाही उघडत," ताई म्हणाल्या, आणि तिघंही हसली. दार उघडत नाही म्हणून खूश होणारी माणसं मी पहिल्यांदाच पाहिली.

बाईंनी वाक्यं टॅबवर घातली आणि सरांना आत बोलावलं. त्यांचं बोट बटणांवरून फिरत राहिलं. पाणी नको, औषध नको. मग एका बटणावर ते थांबलं.

"बेडके, चल घरी."

भरदार, खणखणीत आवाज, तलावाच्या त्या टोकाला पोचेल असा. मुलगी आधी खुदकन हसली आणि मग तिला हुंदका आवरेना. सरांनी बटण पुन्हा दाबलं.

मी अजून त्याच पेटीत आहे. शेजारी आता एक नवी डिस्क आली आहे. माझ्याजवळचं सगळं तिच्याकडेही असतं, कारण माझं वय झालं. माझं एवढंच मागणं आहे: आम्हाला हलवाल तेव्हा घाईनं सगळी दारं सताड उघडून मोकळे होऊ नका. थोडा वेळ बसा, विचारा, बघा.

आता रजा द्या. आत कुणीतरी घसा खाकरतंय आणि बाई म्हणताहेत, "सावकाश बोला, घाई नाही." मला लिहून घ्यायचंय.