पिवळी पट्टी

मित्रांनो, मी एक जुना रिसीव्हर आहे. श्रवणयंत्राच्या पोटात बसून कानात आवाज सोडणारा, तांदळाच्या दाण्याएवढा. मायक्रोफोनने ऐकायचे आणि मी बोलायचे, एवढाच आमचा संसार.

शिकागोजवळच्या सिसेरोतल्या कारखान्यात मी घडलो. आराखडा तिथल्या इंजिनिअरचा, ओताकारचा. तो कामाला लागला तेव्हा माझे पूर्वज काडेपेटीएवढे होते. तीस वर्षे तो आम्हाला लहान करत राहिला, कारण गिऱ्हाइकांना ऐकण्यापेक्षा बहिरेपण लपवण्याची घाई जास्त. सूक्ष्मदर्शकाखाली केसाहून बारीक तार जोडणारी मिलाडा म्हणायची, "ओताकार, पुरे करा आता! एक शिंक आली तर दिवसभराचं काम उडून जाईल."

"मग शिंकू नकोस," तो म्हणायचा.

माझ्यामुळे त्याचा सत्कारही झाला.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी त्यालाच ऐकू येईना. त्याची मुलगी ब्लांका सर्वांत छोटे यंत्र घेऊन आली. त्यात मी होतो. "ताता, तुमचंच काम! कानात आहे हे कुणाला कळणारसुद्धा नाही."

पहिला सेल तिने घातला. तो आठवड्यात संपला. नव्या सेलवर पिवळी पट्टी असते. ती सोलल्याशिवाय सेलमध्ये जीव येत नाही. सांधेदुखीने वाकडी झालेली ओताकारची बोटे त्या पट्टीशी तासभर झगडली. शेवटी त्याने ती तशीच दुमडली आणि झाकण दाबले. मला इतके लहान त्यानेच केले होते. 'जमत नाही' हे मुलीला कोणत्या तोंडाने सांगणार?

दर रविवारी ब्लांका भाजलेले बदक आणि कोबी घेऊन येई. तो मला कानात घालून हसत बसे. मी मुका.

एका रविवारी ती म्हणाली, "ताता, हे घर विकावं म्हणते. तुमच्यासाठी वृद्धाश्रमात खोली बघितलीय. मन नसेल तर आत्ताच सांगा, मी नाही पाठवणार. चालेल ना?"

ओताकारने मान हलवली. "छान, छान. मीठही बेताचं पडलंय."

"तुम्हाला ना, सगळ्यातच गंमत!" ती डोळे पुसत हसली.

गाडी दाराशी आली तेव्हा त्याने विचारले, "कुठे निघालोय आपण?"

"हल्ली विसरतात फार," ब्लांकाने गाडीवाल्याला सांगितले.

चार महिन्यांनी वृद्धाश्रमातच तो वारला. त्याचे सामान आवरताना तिने माझे झाकण उघडले. पट्टी तशीच होती. तिने ती सोलली, झाकण लावले आणि मला मुठीत घट्ट धरले. मुठीत कोंडले की आम्ही किंचाळतो. मी किंचाळलो.

मित्रांनो, म्हाताऱ्या माणसाने मान हलवली म्हणजे त्याने ऐकले, असे समजू नका. आधी झाकण उघडून बघा.