रशियाचं रॉकेल

"मंग आपलं रॉकेल कुठलं, गुरुजी?" शाळेच्या स्टोव्हला हवा भरणारा भागिरथाचा हात थांबला.

माणिकराव गुरुजींनी पेपर खाली केला. "दुकानदार त रशियाचं म्हन्ते."

"अन् हे लापशीचे गहू?"

"अमेरिकेचे. म्हनून त वाचून दावलं. तिथं कायदा येऊन राह्यला. ज्याचं रशियाच्या तेलावर चालते, त्याले अमेरिकेची मदत बंद."

गुरुजींना बातमी वाचून विसरायची सवय होती. भागिरथाला नव्हती. दुष्काळाचं साल, पोरांच्या पोटात दिवसभरात काय पडे ते शाळेची ही लापशीच. त्यात भागिरथासारख्या बौद्धवाड्यातल्या बाईच्या हाती शाळेची चूल आल्यापासून गावात काहींच्या पोटात दुखतच होतं. कोणीतरी या रशियाच्या तेलाची चुगली करणार, हे तिने धरूनच ठेवलं. शेजारची रंगूबाई कुडावरून डोकावली, तरी ती अमेरिकेचीच माणूस वाटे.

तिने रॉकेलचा डबा टोपल्यात घातला, वर गोवऱ्या रचल्या आणि घरी कणगीमागे नेऊन दडवला. दुसऱ्या दिवसापासून लापशी कपाशीच्या वाळक्या पऱ्हाटीवर शिजू लागली. धुराने तिचे डोळे लाल झाले.

आठवड्याने शाळेची लापशी तपासायला अकोल्याचे साहेब जीपमधून उतरले. गव्हाची पोती मोजली, बरोबर भरली. मग त्यांनी विचारलं, "आणि रॉकेल?"

"घरी नेलं तिनं," सरपंच नानाजी तयारच होते. "लोकाईनं पाह्यलं."

भागिरथाने गुरुजींकडे पाहिलं. त्यांना काहीच आठवत नव्हतं. तेल रशियाचं म्हणून लपवलं असं सांगावं, तर लापशी आजच बंद. न सांगावं, तर चोर. पोरं ताटल्या घेऊन बसली होती.

"जाळलं मी घरी," ती म्हणाली.

शाळेची चूल रंगूबाईला मिळाली. ती खुशाल स्टोव्ह पेटवू लागली, त्याच दुकानाच्या तेलावर. लापशी काही बंद झाली नाही. भागिरथाला रडू आलं, आणि पोरं जेवतात म्हणून बरंही वाटलं.

एका संध्याकाळी रंगूबाई गोवरी घेऊन विस्तव मागायला आली. अंधारात चुकून कणगीमागे गेलेला तिचा पाय डब्याला लागला. तिने उचलून पाहिला. काठोकाठ भरलेला.

"बाई वो! अन् अशी अंधारात काहून बसून राह्यली? दिवा त लाव."

"थे पोराईचं हाये," भागिरथा म्हणाली. "घेऊन जाय."

भागिरथाने चुलीतला निखारा काढून रंगूबाईच्या गोवरीवर ठेवला.