काढेबाबांची दोन चित्रं

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. पडद्यावर आतड्याची दोन चित्रं शेजारीशेजारी झळकत होती. डावीकडे पॉलिप, म्हणजे मांसाचा चपटा कोंब, स्पष्ट दिसत होता. उजवीकडे नुसती गुलाबी, गुळगुळीत भिंत.

“चाकू नाही, टाका नाही!” काढेबाबा माइकवर गरजले. “माझा काढा पोटात गेला की कोंबाची पळता भुई थोडी! या ताई बघा, ठणठणीत झाल्या!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. मागच्या रांगेतला एक विधुर ताडकन उठला. चित्राखाली त्याच्या बायकोचं नाव होतं.

“ती मेली,” तो म्हणाला. “त्याच कोंबाचा कॅन्सर होऊन.”

बाबांनी लगेच उजव्या चित्राकडे बोट केलं. “दुसरा उगवला असेल, दादा. हा तर गेलाच होता. डोळ्यांनी बघा!”

शेजारच्या मेहुणीने त्याची बाही ओढली. “भावजी, बसा ना खाली. मला काढाच घ्यायचाय. आत कापाकापी म्हटलं की हातपाय गार पडतात.”

तिच्याही आतड्यात कोंब सापडला होता. म्हणून तर त्याने बायकोला तपासणाऱ्या डॉक्टरबाईंना सोबत आणलं होतं. त्या पडद्यापाशी गेल्या.

“डावं चित्र माझ्या दवाखान्यातलं. या बारीक लाल रेघा म्हणजे रक्तवाहिन्या. निरोगी आतड्यातही असतात. उजवीकडे दाखवा बरं.”

कुणालाच दिसेनात.

“बाबा, तुमच्या काढ्याने रक्तवाहिन्याही विरघळल्या का? मग माणूस जगतो कसा?”

कुणीतरी फिसकन हसलं.

“काहीच विरघळलं नाही. उजवं चित्र बाबांच्या केंद्रातल्या जुनाट दुर्बिणीचं आहे. तिला बारीकसारीक टिपताच येत नाही. सगळं एकजीव गुलाबी. चपटा कोंब त्यातच मिसळून जातो. असतो तिथेच, वाढत.”

“मशीन इम्पोर्टेड आहे!” बाबा पुटपुटले.

ते उजवं चित्र हातात पडलं, त्या दिवशी विधुराची बायको कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली होती. कोंब काढायची तारीख रद्द करणारा फोन तिनेच हसतहसत केला होता.

“तेव्हाच काढला असता तर ताई?” मेहुणीने विचारलं.

“बहुतेक वाचल्या असत्या,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “कॅन्सर व्हायच्या आत, दुर्बिणीतूनच काढतात. पोट फाडावं लागत नाही.”

बाहेर बाटल्यांसाठी रांग लागलीच. जराशी आखूड, पण लागली. विधुर एकेकाला सांगत सुटला, “चित्रं दाखवली की आधी विचारा, दोन्ही एकाच चांगल्या दुर्बिणीने काढलीत का? धूसर चित्रात दुखणं दिसत नाही, म्हणून ते गेलेलं नसतं. टाळी वाजवण्याआधी एवढं तरी विचारा!”

“ओ काका, मध्ये घुसू नका,” एकजण खेकसला.

मेहुणी तोवर डॉक्टरबाईंच्या गाडीत जाऊन बसली होती.