अगाथाची काहील

“सोमवारी संग्रहालयाची मानसं येनार हायती, बाबा. त्यास्नी द्यायची ती काहील घासून ठिवा,” वाल्टरनं गाडीची काच खाली करून सांगितलं. उतरला काही नाही.

म्हातारा हर्मान डर्कसन गोठ्यापुढं शेण ओढत होता. फावडं टेकवून म्हणाला, “आनि डुकराचं काय? त्ये काय शाळंत घालाय पोसलंय?”

“दुकानात मिळतंय की समदं. आता कोन घरी मारतंय?”

गाडी गेली. उत्तरेचा वारा उघड्या रानावरून सरळ अंगावर येत होता. माती गोठून दगड झाली होती. डुक्कर मारायचे दिवस हेच. ही लोखंडी काहील त्याच्या बायकोनं, अगाथानं, माहेरून आणलेली. दर हिवाळ्याला चार घरची जोडपी आपापल्या सुऱ्या घेऊन उजाडायच्या आत अंगणात हजर व्हायची. अगाथा वसंतात गेली आणि अंगण गप्प झालं.

डुक्कर मारायला या म्हणून हर्मान घरोघर सांगून आला. एकाची पाठ धरलेली, एकाच्या नातवाची मॅच. शनिवारी काहिलीत पाणी उकळायला लागलं तरी कुणी फिरकलं नाही. एकट्याच्यानं डुक्कर उलथत नाही. तो जाळ मागं ओढणार, तेवढ्यात शेतातनं कुणीतरी येताना दिसलं. अगाथाची थोरली बहीण, जुस्टीना. तीही एकटीच राहायची. मयतीनंतर तिनं या घरात पाऊल टाकलं नव्हतं.

“आक्का? तुला कुनी सांगितलं?”

“गावभर सांगत फिरलास, म्हंजी मला सोडून! अगाथाच्या शेवटच्या येळंलाबी त्येच केलंस.” तिनं फडक्यातली सुरी काढली. “हुबा काय ऱ्हायलास? बंदूक आन.”

मग दिवसभर काम. डुक्कर पडलं, उकळत्या पाण्यानं केस निघाले, आतडी धुऊन झाली. सॉसेजच्या मिऱ्यांवरनं दोघं कचाकचा भांडली.

“अगाथा येवढं घालायची न्हाई.”

“तिला कुनी शिकवलं? म्याच!”

दिवस कलला तशी काहिलीत चरबी कढायला लागली. जुस्टीना लाकडी उलथनं फिरवत होती. मान वर न करता तिनं विचारलं, “शेवटाला काय म्हनली रं ती?”

हर्माननं हे कुणालाच सांगितलं नव्हतं. “बदकं कोंडली का, म्हनून इचारलं.”

“बदकं? ती तर तुमी कवाच इकली.”

“व्हय. पर म्या म्हनलं, कोंडली. मंग निजली. मला वाटलं, बरी हुतीया. सकाळी तुला बोलवावं म्हनलं...”

उलथनं थांबलं. चरबी करपायला लागली तशी ती पुन्हा ढवळू लागली. “बरं केलंस, कोंडली म्हनलास त्ये,” एवढंच बोलली.

काहील तिनंच राखेनं घासली. “न्हेऊ दे संग्रहालयवाल्यास्नी,” ती म्हणाली. “येवढी चरबी दोघं म्हातारी कवा खानार?”

हर्मान तिला गाडीतनं सोडायला गेला. तिच्या घरात काळोख होता. मांडीवर सॉसेजचं भांडं धरून ती जरा वेळ तशीच बसून राहिली.

“दिवा लावंस्तवर थांब,” उतरताना म्हणाली.

गाडीच्या उजेडात तिनं कुलूप काढलं. खिडकीत दिवा लागला, पडद्यामागं तिची सावली चुलीकडं गेली. हर्माननं गाडी चालू ठेवली, पण हलवली नाही.