छपराचा भांग

मी एक जुनी तांब्याची पन्हळ आहे, मित्रांनो. घराची दोन छपरं एकमेकांना भेटतात तिथे मध्ये एक खोलगट घळ तयार होते. दोन्ही उतारांवरचं पाणी त्या घळीतच धावत येतं. तिथे मला अंथरलं होतं. अमेरिकेतल्या सुपीरिअर सरोवराकाठच्या या गावात तांब्याच्या खाणी चालू होत्या, तेव्हाची ही गोष्ट. मी घासलेल्या भांड्यासारखी लखलखायचे. घरची मालकीण लेम्पी मला कौतुकाने 'आमच्या छपराचा भांग' म्हणायची. हिवाळ्यात माझ्यावर छातीभर बर्फ साचायचा आणि ऊन पडलं की निमूट घसरून जायचा. पुढे मी काळी पडले, मग हिरवी झाले, पण गळले मात्र कधीच नाही.

मग छपराचे डांबरी शिंगल, म्हणजे कौलांसारख्या पातळ चकत्या, झिजले. लेम्पीचा मुलगा वाइनो हातोडी घेऊन वर चढला. उघडा पत्रा गोठ्यावर शोभतो, घरावर नाही, असं शेजारचं कोणीतरी त्याला म्हणालं होतं. ते त्याने मनाला लावून घेतलं. दोन्ही बाजूंचे शिंगल त्याने माझ्यावरून एकाआड एक ओढले आणि त्यांची सुरेख वेणी घातली. ती पक्की बसावी म्हणून त्याने खिळे ठोकले, थेट माझ्या पाठीत. गावाने वेणीची वाहवा केली. मी अंधारात गेले.

वर्षं सरली. वाइनोचा मुलगा डॅन याचं लग्न झालं, कायसा नावाची सून घरात आली. तिला मुलगी झाली आणि मुलीला पणजीचंच, लेम्पीचं, नाव ठेवलं. पाळणा आला तो नेमका माझ्या खालच्या खोलीत. वेणीच्या खाचांत पाइनच्या झाडांच्या सुया, ती सुईसारखी वाळकी पानं, अडकल्या होत्या. त्यात पाणी तुंबायचं आणि खिळ्यांच्या भोकांतून आत झिरपायचं. खोलीच्या छताला तपकिरी डाग पडला, मग थेंब पडू लागले. कायसा पाळणा या भिंतीकडून त्या भिंतीकडे हलवायची, रात्री उठून दुलईवर तळहात फिरवायची. लेकीचा खोकला हटेना. उन्हाळ्यात छप्पर बदलायचं ठरलं, तेव्हा तिने डॅनला सांगून टाकलं, "ही खोली कोरडी झाली नाही, तर हिवाळ्यात मी लेम्पीला घेऊन आईकडे राहणार."

जुने शिंगल उतरले आणि मला पुन्हा आभाळ दिसलं. वाद तेव्हाच सुरू झाला.

"वेणीच घालायची," वाइनो म्हणाला. "आजवर सगळं गाव बघतंय ती."

"पप्पा, गाव बाहेरून बघतं. मी आतून बघते," कायसा म्हणाली.

डॅनने मधला मार्ग काढला. "एका बाजूचे शिंगल पलीकडे ओढू, दुसरी बाजू त्यावर आणून सरळ कापू. दोघंही खूश."

कायसा म्हणाली, "आणि कापलेल्या कडेला सुया अडकतील, त्याचं काय? शिवाय स्वयंपाकघराकडचा उतार जास्त उभा आहे. तिकडचं पाणी उसळून समोरच्या शिंगलखाली शिरतं. मी पावसात अंगणात उभी राहून बघितलंय."

"तरीच भिजत उभी असायचीस. मला वाटलं, सुनेला थंडी मानवते," वाइनो म्हणाला. "पाणी काय तुझ्या कॉलेजात शिकलंय, पोरी?"

"नाही ना पप्पा. म्हणून तर त्याला सरळ, उघडी वाट हवी."

वाइनोने उरलेले खिळे उपसले. मला उचकटून त्याने दोरीने अंगणात सोडलं. खाली लेम्पी चादरीवर बसली होती. माझी कड तिला लागू नये म्हणून कायसाने मला चटकन उभं धरलं. त्यासरशी माझ्या भोकांतून ऊन आरपार गेलं आणि लेम्पीच्या पांढऱ्या लाळेऱ्यावर प्रकाशाचे ठिपके पडले. ती ते चिमटीत पकडू लागली.

वाइनो शिडीवरून उतरला. दोन-दोन बोटांच्या अंतरावर, एका ओळीत पडलेले ठिपके. असे खिळे गावात एकच माणूस ठोकायचा. त्याने हात पुढे केला. ठिपके त्याच्या तळहातावर आले.

"कॉफी ठेव, पोरी," तो म्हणाला. "डॅन, तांब्याचा नवा पत्रा आण. मध्ये उभी घडी असलेला, म्हणजे तिकडचं पाणी इकडे उडी मारणार नाही. आणि खिळा मध्यापासून वीतभर लांब. जवळ ठोकलास तर शनिवारचं सौनातलं वाफेचं स्नान तुला बंद."

आता माझ्या जागी माझी धाकटी बहीण लखलखते आहे. हिवाळा आला, बर्फ साचला, वितळला. कायसा अजूनही रात्री उठून दुलईवर हात फिरवते. हात कोरडाच राहतो. लेम्पी शांत झोपते.

आणि मी? वाइनोने माझा एक तुकडा कापला, गोल वळवला आणि लेम्पीच्या खोलीतल्या दिव्यावर बसवला. डाग होता त्या छतावर आता संध्याकाळी माझ्या भोकांच्या चांदण्या पडतात.

मित्रांनो, तुमच्याही घरावर माझ्यासारखं कोणीतरी पाणी वाहून नेत असेल. पानगळ झाली की वर एक नजर टाका, अडकलेला पाला काढा. आम्हाला झाकलं नाही तरी चालेल. फक्त पाण्याच्या वाटेत खिळा ठोकू नका. त्या वाटेखाली कोणाचा तरी पाळणा असतो.